स्तनलघुकरण शस्त्रक्रिया

प्रमाणाबाहेर मोठ्या आणि जड स्तनांतील चरबी, दूधग्रंथींचा काही भाग व जादा त्वचा काढून स्तन लहान, हलके आणि थोडे उंच करण्याची शस्त्रक्रिया. दवाखान्यात आणि रोजच्या बोलण्यात तिला ‘ब्रेस्ट रिडक्शन’ म्हणतात. तिची गणना सर्रास सौंदर्यशस्त्रक्रियांत होते, पण ती करून घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांना आरशापेक्षा मानेने आणि पाठीने जेरीस आणलेले असते.

त्रासाचे स्वरूप ठरलेले असते. मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग सतत दुखतो, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर कायमच्या खाचा पडतात, काहींच्या हाताला मुंग्या येतात. स्तनांखालच्या घडीत घाम साचून लाल चट्टे, खाज आणि बुरशीचा संसर्ग होतो. कोकणासारख्या दमट हवेत तो मलमाने बरा होतो आणि पंधरा दिवसांत परत येतो. धावणे, पोहणे, अगदी भरभर चालणेही टाळले जाते, त्यामुळे वजन वाढते आणि दुखणे आणखी बळावते. नीट मापाची रुंद पट्ट्यांची ब्रा, फिजिओथेरपी आणि वजन कमी करणे हे उपाय आधी करून पाहावेत. मात्र स्तनात चरबी किती आणि ग्रंथी किती, हे प्रत्येकीत वेगळे असते. ग्रंथींचे प्रमाण जास्त असेल तर दहा किलो वजन उतरूनही छातीचा भार फारसा हलत नाही. तो तिच्या प्रयत्नांचा दोष नव्हे.

वेळ निवडताना तीन गोष्टी पाहतात. स्तनांची वाढ थांबून निदान वर्ष झालेले असावे, म्हणून साधारणपणे अठरा वर्षांपर्यंत थांबतात. वयात येताना स्तन झपाट्याने अवाढव्य वाढले असतील तर अपवाद करतात. अंगावरचे दूध बंद होऊन सहा महिने झालेले असावेत. वजन काही महिने स्थिर असावे. पुढे मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया करताच येत नाही असे नाही, पण गर्भारपणात आकार पुन्हा बदलू शकतो आणि स्तनपानाचा प्रश्न उरतो. दुधाच्या काही नलिका कापल्या जातात. काही माता पूर्ण दूध पाजू शकतात, काहींना वरचे दूध द्यावे लागते, काहींना दूध येतच नाही. आधी खात्री कोणी देऊ शकत नाही.

या शस्त्रक्रियेचा सगळा डाव स्तनाग्र जिवंत ठेवण्यावर आहे. स्तनाग्र सहसा कापून वेगळे करत नाहीत. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेल्या ऊतीच्या एका पट्ट्यावर, म्हणजे जणू देठावर, ते तसेच ठेवतात, भोवतालची ऊती काढतात आणि देठासकट वर सरकवतात. देठ खालून, वरून किंवा वर-आतल्या बाजूने ठेवता येतो. तो जितका लांब, तितके टोकाला रक्त कमी पोचते. म्हणूनच ‘अगदी लहान करा’ असे सांगून मनासारखे माप मिळत नाही, आणि ब्राच्या कपाच्या मापाचे वचनही प्रामाणिक सर्जन देत नाही. स्तन फारच मोठे आणि लोंबलेले असतील तर स्तनाग्र पूर्ण काढून कलम म्हणून बसवतात. त्यात संवेदना व दूध दोन्ही जाते.

त्वचेवरील छेदांची सर्वांत रुळलेली आखणी रॉबर्ट वाइज यांनी 1956 मध्ये मांडली. तिचा वण स्तनमंडलाभोवती, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाभोवती, गोल, तिथून खाली उभा आणि घडीत आडवा, असा उलट्या ‘टी’सारखा असतो. मध्यम आकाराच्या स्तनांत आडवा छेद वगळून उभ्या वणावर भागते. नुसती लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणे, मोजक्या जणींनाच पुरते, कारण तिने सैल त्वचा आवळत नाही आणि स्तनाग्र फारसे वर येत नाही.

खुणा रुग्ण उभी किंवा ताठ बसलेली असताना करतात, कारण आडवे झाल्यावर स्तन बाजूला पसरतात आणि माप चुकते. गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर टेपने दोन्ही बाजूंनी मोजतात. मग घडीत बोट ठेवून त्याच उंचीची खूण पुढच्या त्वचेवर उमटवतात. स्तनाग्राची नवी जागा तिथे ठरते, बहुधा खाचेपासून 21 ते 23 सेंटिमीटरवर. ती जास्त वर गेली तर स्तनाग्र ब्राच्या किंवा ब्लाउजच्या गळ्यातून डोकावते, आणि ते पुन्हा खाली आणणे फार कठीण असते. म्हणून जाणता सर्जन थोडे खालीच राहणे पसंत करतो.

तयारीतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा तंबाखूचा. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या बहुतेक बायका खरेच ‘नाही’ म्हणतात, पण त्यांतल्या काही रोज सकाळी मिश्री लावत असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि देठाच्या टोकाचे रक्त तोडते. मिश्री, तपकीर, गुटखा, सिगारेट हे सारे निदान चार ते सहा आठवडे आधी आणि तितकेच नंतर बंद हवे. निकोटिनचे च्युइंगगमही चालत नाही. हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. हिमोग्लोबिन, थायरॉइड व साखर तपासून घ्यावी. पंडुरोग किंवा अनियंत्रित मधुमेह असेल तर आधी ते उपचार. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भनिरोधक गोळ्या आणि काढे-चूर्णे यांची पूर्ण यादी द्यावी. कोणतीही गोळी मनाने थांबवू नये. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी करतात. घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर त्याआधीही तपासणी लागते.

शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखाली होते, साधारण दोन ते चार तास लागतात. काढलेली ऊती प्रत्येक बाजूची वेगळी तोलतात आणि पॅथॉलॉजी तपासणीस पाठवतात. क्वचित लपलेला कर्करोग तिथे सापडतो, म्हणून हा अहवाल मागून घेऊन जपावा. आत साचणारे रक्त व द्रव बाहेर काढायला एक-दोन दिवस नळ्या ठेवाव्या लागू शकतात. मुक्काम बहुधा एका रात्रीचा असतो.

पहिल्या चोवीस तासांत एकच बाजू अचानक फुगून ताठ झाली आणि ठणकू लागली तर आत रक्त साचले आहे असे समजून लगेच रुग्णालय गाठावे. स्तनाग्र काळेनिळे पडणे हीही तातडीची खूण. ताप, वाढती लाली किंवा पू संसर्ग सुचवतात. सर्वांत वारंवार बिघडते ती ‘टी’ची जोड. तीन बाजूंची त्वचा तिथे ताणून एकत्र येते, रक्त सर्वांत कमी पोचते आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास नखाएवढी जखम उघडते. ड्रेसिंग करत राहिल्यास ती काही आठवड्यांत भरते. ते पाहून घाबरू नये आणि घरची हळद-तूप लावू नये. स्तनाग्राची संवेदना मंदावते, काहींची कायमची. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. सावळ्या त्वचेवर वण जाड किंवा केलॉइड (जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा वण) होण्याची शक्यता अधिक, म्हणून कान टोचल्याचा वण वाढला होता का, हे आधी सांगावे.

घरी आल्यावर सुमारे सहा आठवडे तार नसलेली आधाराची ब्रा दिवसरात्र घालावी. उताणे झोपावे. पहिले दोन आठवडे फळीवरचा डबा काढायला हात वर करू नये. भरलेला कुकर, पाण्याची बादली, ओले कपडे, कडेवर मूल हे सगळे चार ते सहा आठवडे बंद. कणीक मळणे आणि पोळ्या लाटणेही सुरुवातीला नको, कारण लाटताना छातीचे स्नायू जोर लावतात. हे घरातल्यांना आधीच स्पष्ट सांगून स्वयंपाकाची सोय करावी. शस्त्रक्रिया उत्तम होऊन जखम उसवते ती बहुधा इथे. बैठे काम साधारण दोन आठवड्यांनी, स्कूटर आणि लोकलची गर्दी चार आठवड्यांच्या आसपास, सर्जनने पाहून सांगितल्यावरच. जखम पूर्ण भरल्यावर वणावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी लावतात. वण फिकट व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते.

खर्चाचा प्रश्न आधीच सोडवावा. भारतातल्या आरोग्यविम्यात आकार बदलणारी प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, अथवा आरोग्याला थेट व तत्काळ धोका असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केलेले उपचार एवढेच अपवाद. स्तनलघुकरणाचा दावा त्यामुळे अनेकदा नाकारला जातो. लेखी पूर्वमंजुरी मागावी आणि त्वचाविकार व अस्थिरोग तज्ज्ञांच्या नोंदी जोडाव्यात. अमेरिकेतल्या विमा कंपन्या बऱ्याचदा श्नूर तक्ता लावतात; शरीराच्या पृष्ठफळानुसार निदान किती ऊती काढली जायला हवी, हे तो सांगतो. शरीराचे पृष्ठफळ 1.7 चौरस मीटर असेल तर हे प्रमाण एका बाजूला 370 ग्रॅम येते. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. आपल्यासारख्याच बांध्याच्या रुग्णांची वर्षानंतरची छायाचित्रे दाखवायला सांगावीत; महिन्याभरातली छायाचित्रे सुजेमुळे फसवी असतात.

ब्लाउजची नवी मापे सूज उतरल्यावर, तीन ते सहा महिन्यांनी द्यावीत. वजन वाढल्यास किंवा गर्भारपणात स्तन पुन्हा वाढू शकतात. आत एखादी कडक गाठ लागली तर ती मेलेल्या चरबीची असू शकते, पण तसे गृहीत न धरता सोनोग्राफी करून घ्यावी. मॅमोग्राफी करताना तंत्रज्ञाला शस्त्रक्रियेची कल्पना द्यावी, म्हणजे आतले वण गाठ म्हणून वाचले जाणार नाहीत.