मुंबई महापालिका: जबाबदाऱ्या वाढत गेल्या, अधिकार वाटले गेले

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली आणि जवळपास चार वर्षांनी सभागृहाला नगरसेवक मिळाले. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. त्यानंतर ओबीसी आरक्षण आणि प्रभागांची संख्या २२७ की २३६, या वादांत निवडणूक अडकून पडली. या काळात आयुक्तच प्रशासक होते. स्थायी समितीसमोर जाणारे प्रस्ताव तेच आणत आणि तेच मंजूर करत. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही याच पद्धतीने मंजूर झाला. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका लोकप्रतिनिधींशिवाय एवढी वर्षे कशी चालू शकली, हे समजून घ्यायचे तर १८६५ पर्यंत मागे जावे लागते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी त्या वर्षी कोसळली आणि मुंबईच्या शेअर बाजारात हाहाकार उडाला. शहराच्या कारभारासाठी नवा कायदा झाला तोही त्याच वर्षी. सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे मानद दंडाधिकारी, यांचे शहरासाठी मंडळ आणि त्यांच्या वतीने काम पाहणारा एक आयुक्त, अशी रचना ठरली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड धडाडीचे होते, पण खर्चाला त्यांचा हात आवरत नसे. रस्ते, गटारे, मंडई अशी कामे त्यांनी झपाट्याने उरकली. क्रॉफर्ड मार्केट ही त्यांची आठवण. तिजोरीत मात्र खडखडाट झाला आणि १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर नसले तरी सभांमधून चांगलेच पेटून उठले.

या वादात तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका आज अनेकांना चकित करेल. क्रॉफर्ड यांच्यावर सगळे तुटून पडले असताना मेहतांनी त्यांची बाजू सावरली. कारभार एका कर्त्या अधिकाऱ्याच्याच हाती हवा, दोष त्याच्यावर अंकुश नसण्यात आहे आणि तो अंकुश करदात्यांनी निवडलेल्या सभासदांचा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे मंडळ आले. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. पुढे १८८८ चा कायदा झाला आणि त्यावर मेहतांची छाप ठळक होती. सभागृह, स्थायी समिती आणि सरकारने नेमलेला आयुक्त ही तीन स्वतंत्र वैधानिक स्थाने त्याने पक्की केली. कितीतरी दुरुस्त्या होऊनही महापालिका आजही त्याच कायद्यावर चालते. प्रौढ मताधिकार १९४८ च्या निवडणुकीत आला, हद्द १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरांत सरकत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, राणीच्या सरकारची जागा राज्य सरकारने घेतली. आयुक्त नेमण्याचा अधिकार मात्र ‘वरच’ राहिला. महापौर समारंभापुरते आणि आयुक्त कारभाराला, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे महापौर आणि त्यांच्या मंडळाकडे कारभार देणारी पद्धत, आणून ही घडी बदलण्याचा प्रयत्न झाला, पण तो वर्षभरातच गुंडाळला गेला. मेहतांच्या रचनेत अंकुश काढला तर यंत्र थांबत नाही, उलट अधिक सुरळीत चालल्यासारखे वाटते. प्रशासकाच्या राजवटीत तेच दिसले.

कारभार आयुक्ताच्या हाती ठेवायचा ही एक सवय झाली. महापालिकेचे काम वेगळ्या संस्थेला द्यायचे, ही दुसरी सवय १८९६ च्या प्लेगने लावली. मांडवीत साथ सुरू झाली आणि लोक शहर सोडून पळू लागले. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून मोकळे रस्ते काढायला हवेत यावर सगळ्यांचे एकमत झाले, पण सरकारने ते काम महापालिकेला दिले नाही. त्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही वेगळी संस्था उभारली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही ट्रस्टची कामगिरी. मात्र तिने जेवढी घरे पाडली तेवढी लवकर उभी केली नाहीत आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींतच कोंबली गेली. शेवटी १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

एवढा अनुभव गाठीशी असूनही नवी अडचण आली की नवे प्राधिकरण काढायचे, हा क्रम थांबला नाही. १९७५ मध्ये एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), १९७७ मध्ये घरबांधणीसाठी म्हाडा, नव्वदच्या दशकात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखे होते: महानगर महापालिकेच्या हद्दीबाहेर पसरले होते, जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या) इमारती कोसळत होत्या, झोपड्या वाढत होत्या. पण परिणाम असा झाला, की २०११ च्या जनगणनेनुसार शहरातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक ज्या वस्त्यांत राहतात, तिथे पाणी, शौचालये आणि साफसफाई महापालिकेने द्यायची आणि पुनर्विकासाची परवानगी मात्र दुसऱ्याच कार्यालयातून निघायची. पाणीसुद्धा सगळ्यांना नव्हते. झोपडी कोणत्या तारखेपूर्वीची, यावर नळजोडणी ठरत असे. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, तो तारखेवरून नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावे लागले. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांचेही तसेच. खड्डा पडला की शिव्या महापालिकेला, रस्ता एमएमआरडीएकडे. हे दोन रस्ते २०२२ च्या अखेरीस कुठे महापालिकेकडे आले.

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. बाराव्या परिशिष्टात अठरा विषय आहेत आणि पहिलाच आहे नगर नियोजन. राज्यांनी ते विषय सोपवावेत अशी अपेक्षा होती, सक्ती नव्हती. महाराष्ट्राने प्राधिकरणे होती तशी ठेवली.

आता पैशाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. महापालिकेची स्वतःची म्हणावी अशी दोन मोठी उत्पन्ने होती, मालमत्ता कर आणि जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. मालमत्ता कराची आकारणी करपात्र मूल्यावर, म्हणजे ती जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडे येईल यावर होत असे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडे गोठले तशी करआकारणीही गोठली. परिणामी एकाच गल्लीत पागडीच्या जुन्या इमारतीला नाममात्र कर आणि शेजारच्या नव्या इमारतीतल्या तेवढ्याच घराला कितीतरी पट अधिक, अशी विसंगती अनेक दशके टिकली. भाडे इतके कमी की मालक डागडुजी करेना, कर इतका कमी की महापालिकेला त्या भागातून काही मिळेना, आणि इमारत धोकादायक झाली की नोटीस द्यायला यायचे महापालिकेनेच! भांडवली मूल्यावर आधारित आकारणी २०१० पासून आली, पण तिच्या नियमांवरून न्यायालयात वाद झाले. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. निर्णय राज्य सरकारचा, तूट महापालिकेची.

जकातीबद्दल कुणाला प्रेम नव्हते. दहिसर, मुलुंड, मानखुर्द, ऐरोली इथल्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा, खोटी बिले, दलाल हे सगळे होते. राज्यातल्या इतर महापालिकांत जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) येऊन गेला, तरी मुंबईत जकात राहिली, कारण वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये तिजोरीत पडत होते, तेही रोजच्या रोज रोखीने. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि नाके बंद झाले. त्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देते, तीही दरवर्षी आठ टक्के वाढीने. २०२५-२६ साठी ही रक्कम चौदा हजार कोटींच्या आसपास गेली. आकड्यात तोटा दिसत नाही. पण स्वतः गोळा केलेला कर आणि मंत्रालयातून येणारा हप्ता यांतला फरक पहिला हप्ता लांबला की कळतो. उरलेला मोठा आधार म्हणजे वाढीव चटई क्षेत्राचे (जादा बांधकामाच्या परवानगीचे) अधिमूल्य आणि विकास शुल्क. म्हणजे बांधकाम जितके जास्त तितकी तिजोरी भरलेली, आणि पाणी-गटारांवरचा ताणही तेवढाच वाढलेला.

तो ताण काय असतो, हे २६ जुलै २००५ ने दाखवले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहरातल्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, त्यासुद्धा समुद्राला ओहोटी असताना. वाहिन्यांची बरीच तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाण्याऐवजी आत शिरते. हे कुणाला ठाऊक नव्हते असेही नाही. क्षमता तासाला ५० मिलिमीटर करा, उदंचन केंद्रे (पाणी उपसून बाहेर टाकणारी पंपिंग स्टेशन) बांधा, असे सांगणारा पर्जन्यजल वाहिन्यांवरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून पडून होता. प्रलयानंतर त्याच्यावरची धूळ झटकली गेली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध अशी उदंचन केंद्रे एकेक करून झाली. तोवर पावसाची तऱ्हाच बदलत चालली होती आणि तासाला ५० मिलिमीटर हा आकडाही अपुरा वाटू लागला होता. मिठी नदीचे तर आणखी वेगळे. तिच्या एका भागाची जबाबदारी महापालिकेकडे, दुसऱ्या भागाची एमएमआरडीएकडे आली.

कचऱ्याचा प्रश्नही जुनाच. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला आग लागली आणि धूर कित्येक दिवस शहरावर राहिला. गोराई आणि मुलुंडच्या कचराभूमी बंद झाल्यावर बहुतेक भार कांजूरमार्गवर पडला आणि तिच्या जागेचा वादही न्यायालयात आहे.

देवनारच्याच जमिनीवर २०२४ आणि २०२५ मध्ये जे घडले, त्यात वरचे सगळे धागे एकत्र आलेले दिसतात. धारावीचा पुनर्विकास महापालिकेच्या नियोजनाखाली नाही, त्यासाठी स्वतंत्र विशेष नियोजन प्राधिकरण आहे. त्या प्रकल्पात धारावीतच घर मिळण्यास अपात्र ठरलेल्या रहिवाशांच्या घरांसाठी देवनारची १२४ एकर जागा द्यायचे राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवले. जागेवर सुमारे १८५ लाख टन जुना कचरा आहे. तो तीन वर्षांत हटवण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा २०२५ मध्ये निघाली. ती महापालिकेने काढली, तेव्हा सभागृहात प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नव्हता.