रोजचा उतारा आणि न खचणारी विधवा

मराठी ख्रिस्ती घरातले सकाळचे ‘मनन’ लांबूनही ओळखू येते. वर बायबलातला उतारा किंवा एखादेच वचन, खाली पाऊण पान विवेचन, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. आधी ते पातळ पुस्तिकेत यायचे, नाहीतर कॅलेंडरच्या फाडायच्या पानावर. आता पाळकांच्या व्हॉट्सॲप संदेशातून येते, आणि मागोमाग मंडळीतल्या वीस जणांचे ‘आमेन’. वर्षभर अशी मनने वाचणाऱ्याला एक विधवा पुन्हा पुन्हा भेटते. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातली, अन्यायी न्यायाधीशाच्या दाराशी रोज न्याय मागत येऊन उभी राहणारी. रोजचे वाचन आणि न थकता केलेली प्रार्थना ही जोडी आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून अशीच असणार असे वाटते. ती तशी नव्हती.

‘मनन’ हा शब्द मुळात आपल्याकडचा. श्रवण, मनन, निदिध्यासन ही उपनिषदांतली पायरी. मराठी बायबलाने तो पहिल्याच स्तोत्रासाठी घेतला: धन्य तो पुरुष, जो परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. पण तिथला हिब्रू शब्द इतका शांत नाही. त्याचा अर्थ पुटपुटणे, ओठांतल्या ओठांत म्हणत राहणे. यशयाच्या पुस्तकात तोच शब्द भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी आला आहे. म्हणजे त्या स्तोत्रातला माणूस डोळे मिटून विचार करत बसलेला नाही, तो पाठ म्हणतो आहे. हरिपाठाचा नित्यनेम पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि पाठ म्हणण्यावाचून इलाजही नव्हता, कारण पुस्तक घरात नसायचे. बायबलातला दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकत असे. आरंभीच्या मंडळीच्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असा नियम आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांच्या दिवसाची प्रार्थनेच्या तासांत विभागणी केली आणि वाचनालाही ठराविक वेळ नेमून दिली. मठाबाहेरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला यातले थोडेच आले. त्याचे बायबल म्हणजे देवळात कानांवर पडेल तेवढे.

‘आजचा उतारा’ निघायला आणखी एक साधी सोय लागत होती, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बायबलाचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी पडले, ते स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूच्या नावावर आहेत. नव्या कराराला वचनांचे आकडे मिळाले ते १५५१ मध्ये, रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या आवृत्तीत. ‘लूक १८:१ ते ८’ असे लिहिण्याची सोय त्यानंतरची. ग्रंथाचे तुकडे पडले, तुकड्यांना क्रमांक मिळाले, मग दिवसाला एक तुकडा वाटता येऊ लागला.

या वाटपाच्या दोन तऱ्हा निघाल्या आणि दोन्ही आजवर चालू आहेत. जर्मनीतल्या हेर्नहुट गावच्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी १७२८ पासून रोज एक वचन घरोघर पोचवायला सुरुवात केली आणि १७३१ पासून वर्षभराची वचने छापायला घेतली. ती वचने चिठ्ठ्या टाकून काढतात. त्याच गावात १७२७ च्या ऑगस्टमध्ये अखंड प्रार्थना सुरू झाली. माणसांनी तास वाटून घेतले, आणि ती साखळी शंभरेक वर्षे चालली असे मोरेव्हियन परंपरा सांगते. दुसरी तऱ्हा स्कॉटलंडमधली. डंडीचा तरुण पाळक रॉबर्ट मरे मक्शेन याने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी एक तक्ता केला, ज्याने वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या २९ व्या वर्षी, तो वारला. तक्ता मात्र अजून वापरात आहे. प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षात एकदा संपवायचे तरी दिवसाला तीन-सव्वातीन अध्याय आले. जानेवारीत उत्साहाने निघालेली पुष्कळ मंडळी लेवीयच्या पुस्तकात अडकतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तरी मला चिठ्ठीपेक्षा तक्ता बरा वाटतो. सुटे वचन आपल्याला हवे तेच बोलते. सलग वाचताना नको ते अध्यायही समोर येतात.

वाचन आणि प्रार्थना यांचा आजचा क्रम कसा बसला, याचे उत्तर ब्रिस्टलमध्ये सापडते. तिथे अनाथालये चालवणारे जॉर्ज म्युलर उठले की आधी प्रार्थनेला बसत, आणि पहिला पाव-अर्धा तास मन भटकण्यातच जाई. १८४१ च्या मे महिन्यात त्यांनी नोंदवून ठेवले की आता क्रम उलटा केला आहे: आधी थोडे वाचायचे, त्यावर मनन करायचे, आणि त्यातूनच प्रार्थना सुरू होऊ द्यायची. रोजच्या मननाचा साचा हाच. वर उतारा, मध्ये विवेचन, खाली प्रार्थना. कोणापाशी पैसा न मागता केवळ प्रार्थनेवर अनाथालये चालवणारा माणूस म्हणून म्युलर यांचे नाव जगभर झाले. त्यांचे चरित्र पुढे एका मराठी बाईच्या हाती पडणार होते.

मराठीतला आरंभ याच्या कितीतरी आधीचा, आणि तो छापील बायबलाने झालेला नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलाची कथा ओव्यांत बांधली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापले गेले. पुराण ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती माणसांना काहीतरी पुराण हवेच होते. ते देवळांतून वाचले-गायले जाई. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, तरी ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापला गेला. पण तो समूहाने ऐकायचा ग्रंथ होता. एकट्याने, पहाटे, दिव्यापाशी बसून वाचायचा नव्हे.

तसे पुस्तक आले ते श्रीरामपूरहून. बंगालमधल्या त्या डॅनिश वसाहतीत विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठीचे काम केले. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान निघाले, १८११ मध्ये नवा करार. मराठी मुलखापासून इतक्या दूर झालेल्या भाषांतराची भाषा अवघडलेली असणार हे उघड आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते, पण ते कसेबसे टिकले. त्यांच्या मिशनचा नवा करार १८२६ मध्ये निघाला. त्याच वर्षी हॉल कॉलऱ्याने गेले. संपूर्ण मराठी बायबल यायला १८४७ साल उजाडले. दरम्यान १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक सुरू झाले होते. बायबलावर मराठीत लिहिण्या-वाचण्याची सवय लागली ती बरीचशी या पत्रामुळे, आणि नंतर बाबा पदमनजींसारख्या लेखकांमुळे.

पुस्तक छापले म्हणून वाचणारे तयार होत नाहीत. मिशनने शाळा काढल्या, मुलींसाठीही काढल्या. सिंथिया फरार १८२७ मध्ये त्याच कामासाठी आल्या होत्या. शाळेत न गेलेल्यांसाठी बायबलबाई होती. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानांच्या छोट्या प्रती. ती दारोदार जाई, ओसरीवर किंवा माजघरात बसून वाचून दाखवी. मिशनच्या अहवालांत मिशनऱ्यांची नावे ठळक असतात आणि या बायांची बहुधा नसतातच. पण वचन वाचायचे, दोन शब्दांत सांगायचे आणि प्रार्थना करून उठायचे ही रीत मराठी घरांत नेली ती यांनीच, असे मला वाटते.

नारायण वामन टिळकांची गोष्ट याच्या उलट टोकाची. तिथे बाई नाही, मिशन नाही, फक्त पुस्तक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नव्या कराराची प्रत हातात ठेवली. टिळक वाचत गेले आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी प्रार्थनेला अभंगाचा साज दिला. एरवी मिशनच्या मंडळ्या इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली गीते गात होत्या. टिळकांच्या पदांनी देवळात मराठी कान सुखावले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंना वाचायला शिकवताना टिळकांची झालेली तारांबळ ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊकच आहे.

कॅथलिक मराठी घरांत वाट वेगळी होती. वसईत संध्याकाळी कुटुंब रोजरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला बसे, मिस्सा ही देवळातली उपासना लॅटिनमध्ये असे, आणि बायबल स्वतः उघडून वाचण्याची रीत फारशी नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांना शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला आणि उपासना लोकभाषांत आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० चे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ख्रिस्ती नसलेल्या कितीतरी मराठी वाचकांच्या कपाटात ते गेले.

आता विधवेकडे. चिकाटीच्या प्रार्थनेचे दोन दाखले आहेत आणि दोन्ही फक्त लूकमध्येच आहेत. अकराव्या अध्यायात एक माणूस मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावतो, कारण पाहुणा आला आहे आणि घरात भाकर नाही. आपल्या भाषांतरात शेजारी त्याच्या ‘आग्रहा’मुळे उठतो, ग्रीक शब्द सरळ ‘निर्लज्जपणा’ असा आहे. अठराव्यात न्यायाधीश म्हणतो, ही बाई येऊन येऊन मला जेरीस आणील. तिथला शब्द मुष्टियुद्धातला, डोळ्याखाली ठोसा मारण्याचा. म्हणजे येशूच्या श्रोत्यांना हसू फुटले असणार: मोठा न्यायाधीश, आणि एका निराधार बाईच्या ठोशाला भ्यालेला! पुष्कळ मनने हा विनोद हरवून बसतात आणि देवाला तगादा लावला की तो वठणीवर येतो असा अर्थ काढतात. दाखला नेमका उलटा आहे. असला न्यायाधीशसुद्धा अखेर दाद देतो, तर देव किती लवकर देईल, असा तो युक्तिवाद आहे. आणि त्याचा शेवट उत्तराने होत नाही, प्रश्नाने होतो: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय?

पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माचे पुस्तक मन लावून वाचले ते नेमके लूकच. लग्नानंतर त्या आसामातल्या सिल्चरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्यांनी ती वाचली. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत, लहान मनोरमेला घेऊन, रमाबाई स्वतःच विधवा झाल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, पुढे पुणे, मग केडगाव. मधल्या काळात म्युलर यांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी त्याच धर्तीवर चालवले. दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणल्या, त्यांच्या पोटाची तजवीज प्रार्थनेवर सोडून.

१९०४ मध्ये वेल्समध्ये झालेल्या धार्मिक जागृतीची बातमी केडगावला पोचली होती. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले तेव्हा सत्तरएक जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. महिनाअखेरीस जे झाले, रडणे, पापांची कबुली, रात्र रात्र चाललेल्या प्रार्थना, त्यावर तेव्हाही टीका झाली. रमाबाईंनी उत्तर दिले की आमच्या मुलींनी इंग्रजी पद्धतीनेच प्रार्थना करावी असे थोडेच आहे. त्यांच्या एकूण लिखाणाचा सूर हाच.

पण मला त्या गजबजलेल्या महिन्यांपेक्षा नंतरची शांत वर्षे मोठी वाटतात. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही रमाबाईंची तक्रार होती. संस्कृत शब्द अवघड, आणि काहींना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास. त्या पंडिता होत्या, संस्कृत शब्दाचे वजन त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या वयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून नवे भाषांतर करायला बसल्या. ते काम अठराएक वर्षे चालले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा शेवटची प्रुफे तपासून झाली होती. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

ते छापले मुक्तीतल्याच छापखान्यात. खिळे जुळवणे, प्रुफे पाहणे, छपाई, बांधणी ही कामे तिथल्या बायकांनी केली. कोणी दुष्काळातून आलेली, कोणी आठव्या-दहाव्या वर्षी कुंकू पुसलेली. लूकचा अठरावा अध्याय त्यांच्यापुढे आला असेल तेव्हा ती गोष्ट एकेक अक्षर उचलून, उलट्या बाजूने वाचत, त्यांनी लावली.