खणातला फोन आणि बूटलोडरचं कुलूप

नवा फोन घेतला, जुनं खातं टाकलं. अर्धा तास पट्टी सरकत राहिली आणि सगळं जागच्या जागी आलं. फोटो आले, नंबर आले, वॉलपेपरसुद्धा आला. मग रोजच्या नोंदींचं अ‍ॅप उघडलं, तर ते म्हणालं, ‘तुमची पहिली नोंद लिहा.’ सहा वर्षांच्या नोंदी होत्या त्यात. बॅकअप तर चालूच होता!

झालं होतं असं. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, अ‍ॅपचा डेटा आपोआप क्लाउडवर जातो. पण दर अ‍ॅपला २५ एमबीची मर्यादा आहे; डेटा त्यापुढे गेला की त्या अ‍ॅपचा बॅकअप होतच नाही. शिवाय अ‍ॅप बनवणाऱ्यानं एक ओळ लिहून ‘माझा बॅकअप नको’ असं सांगितलं, तर फोन त्याचं ऐकतो. आपल्याला कुणी विचारत नाही.

मग संगणकाला केबल लावून ते फोल्डरच उचलून आणू, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण ते दिसतच नाही. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स ही संगणकाची जुनी सिस्टीम आहे. एका संगणकावर अनेक माणसं काम करत, तेव्हा एकाच्या फायली दुसऱ्याला दिसू नयेत अशी लिनक्सची जुनी व्यवस्था. अँड्रॉइडनं ती माणसांऐवजी अ‍ॅपना लावली. प्रत्येक अ‍ॅपला १०,००० च्या पुढचा एक क्रमांक मिळतो, समजा १०,१३७, आणि त्या अ‍ॅपचं फोल्डर फक्त त्याच क्रमांकाला उघडतं. सगळी दारं उघडणारा क्रमांक एकच, शून्य. त्यालाच ‘रूट’ म्हणतात, आणि तो फोनच्या मालकाला दिलेला नसतो. पूर्वी संगणकावरून आज्ञा देऊन बराचसा डेटा काढता यायचा. अँड्रॉइड १२ आल्यापासून नव्या अ‍ॅपच्या बाबतीत ती वाटही बंद झाली.

रूट मिळवायचा तर उरतं ते बूटलोडर अनलॉक करणं. हे स्क्रीनचा पॅटर्न काढणं नव्हे, आणि कुठलंही सिम चालावं म्हणून करतात तेही नव्हे. फोन चालू होताना सर्वांत आधी जे छोटे प्रोग्राम चालतात, त्यांतला बूटलोडर पुढची सिस्टीम जागी करतो. त्याआधी तिच्यावरची कंपनीची डिजिटल सही तपासतो. सही जुळली नाही तर पुढे जाऊ देत नाही. अनलॉक म्हणजे ही सक्ती उठवणं. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटायचं, डेव्हलपर पर्यायांत ओईएम अनलॉकिंग चालू करायचं (काही कंपन्या ही सोयच ठेवत नाहीत), केबल लावून एक आज्ञा द्यायची. फोन पुन्हा एकदा विचारतो, नक्की ना? आपण हो म्हणतो, आणि काही क्षणांत तो कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो.

हे मुद्दाम केलेलं आहे. तसं नसतं तर चोरानं फोन अनलॉक केला असता, हवी ती सिस्टीम घातली असती आणि आपल्या डेटाच्या मागे लागला असता. पुसायला वेळ लागत नाही, कारण डेटा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली नष्ट केली की पुरतं. पण आपली पंचाईत होते: पुरा बॅकअप घेता यावा म्हणून अनलॉक करायचं, आणि अनलॉक करायला आधी बॅकअप हवा. म्हणून अनलॉक करायचा तर फोन खोक्यातून काढल्या दिवशीच.

पुढे मॅजिस्कसारखं साधन बूटच्या फाइलमध्ये बदल करून रूट मिळवून देतं आणि अ‍ॅपची फोल्डरं अख्खी उचलता येतात. परत ठेवताना मात्र गंमत होते. तेच अ‍ॅप नव्या फोनवर १०,१३७ नसून १०,२०९ असतं. फायली नुसत्या चिकटवल्या तर अ‍ॅपला स्वतःच्याच घरात शिरता येत नाही, उघडल्या उघडल्या बंद पडतं. प्रत्येक फाइलची मालकी बदलावी लागते. रूटवर चालणारी बॅकअपची चांगली अ‍ॅप हेच काम मुकाट्यानं करतात. तरी एक गोष्ट रूटलाही मिळत नाही. हार्डवेअरमध्ये जपलेल्या किल्ल्या बाहेर येत नाहीत, त्यामुळे त्या किल्लीनं बंद केलेला डेटा दुसऱ्या फोनवर नुसता कचरा ठरतो.

किंमतही आहे. फोन सुरू होताना दर वेळी इशारा दिसतो. बँकेची बरीच अ‍ॅप फोनची पडताळणी करतात आणि असा फोन नाकारतात. सॅमसंगच्या नॉक्सवाल्या (नॉक्स ही त्यांची सुरक्षा-व्यवस्था) फोनमध्ये चिपमधला एक फ्यूज कायमचा जळतो. पुन्हा लॉक केलं तरी सिक्युअर फोल्डर, म्हणजे खासगी गोष्टींचा कुलूपबंद कप्पा, परत येत नाही. आणि फोन तासभर दुसऱ्याच्या हाती राहिला, तर तो सिस्टीम बदलून आपला पिन टिपायची सोय करू शकतो. माझ्या मते रोजच्या वापराच्या एकुलत्या एक फोनला हा सौदा महागात पडतो. दुसरा फोन हाताशी असेल तर खुशाल करावा.

जुना फोन अजून खणात आहे आणि नोंदी त्यातच आहेत. त्याचा बूटलोडर मी कधी अनलॉक केला नव्हता, आणि आता केला तर नेमक्या त्याच नोंदी जातील. म्हणून रोज रात्री चार-चार नोंदींचे स्क्रीनशॉट काढतो. पहिल्या वर्षाच्या मार्चपर्यंत आलोय.