निकोटिन वेगळं, धूर वेगळा

"पॅच लावलाय ना? मग शरीराला कुठे कळणार सिगारेट सुटली ते!" बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो तो आजार) असताना सिगारेट सोडू पाहणाऱ्यांकडून, त्यांच्या घरच्यांकडून आणि एकदा तर चक्क एका डॉक्टरांकडून हे वाक्य मी ऐकलं आहे. कधीकाळी मलाही तसंच वाटायचं. पहिल्यांदा सोडली तेव्हा दंडावर त्वचेतून निकोटिन देणारा पॅच होता, तलफ आटोक्यात होती, आणि दुसऱ्या आठवड्यात मी भरदुपारी जेवणाच्या ताटावर पेंगत होतो. डिप्रेशन परत आलं, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं. आलं नव्हतं. बायपोलरची गोळी तीच होती, डोस तोच होता, फक्त रक्तातलं औषध वाढलं होतं.

सिगारेट ओढणारा माणूस एका झुरक्यात दोन गोष्टी घेतो. निकोटिनचं गिऱ्हाईक मेंदू, धुराचं गिऱ्हाईक लिव्हर. पॅच किंवा निकोटिन गम पहिल्याची सोय करतात. दुसऱ्याची सोय कुणी करत नाही, आणि लिव्हरला ते ताबडतोब कळतं.

निकोटिनबद्दल थोडक्यात आवरतो, कारण ओढणाऱ्याला ते मी शिकवायला नको. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत मेंदूत, दोनेक तासांत रक्तातून निम्मं कमी, म्हणून हात पुन्हा पाकिटाकडे. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, बेचैनी, सतत भूक, कशात लक्ष न लागणं, मोडकी झोप. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक सगळं ओसरतं. एकदा जरी सोडून बघितली असेल तरी हे पाठ झालेलं असतं.

आता धूर. तंबाखू जळताना काजळीच्या कुळातली काही रसायनं तयार होतात, पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन हे त्यांचं लांबलचक नाव. ती पोटात-फुप्फुसात गेली की लिव्हर सीवायपी१ए२ नावाचं, औषधं मोडणारं एक एन्झाइम नेहमीपेक्षा जास्त बनवायला लागतं. बायपोलरवर दिली जाणारी दोन औषधं, ओलान्झापिन आणि क्लोझापिन, याच एन्झाइमच्या वाटेने शरीराबाहेर जातात. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून ओलान्झापिन साधारण ४० टक्के जास्त वेगाने निघून जातं. डॉक्टर डोस ठरवतात तो तुम्हाला बरं वाटेपर्यंत वाढवत वाढवत. म्हणजे लक्षात असो-नसो, त्या डोसमध्ये तुमच्या सिगारेटी धरलेल्याच असतात.

सिगारेट थांबली की हे जास्तीचं एन्झाइम साधारण ३९ तासांत निम्मं होतं, पुढच्या तेवढ्याच वेळात त्याच्याही निम्मं. आठवडाभरात लिव्हर न ओढणाऱ्याच्या चालीने चालू लागतं. गोळी मात्र ओढणाऱ्याच्या हिशेबाचीच पोटात जात राहते. मग औषध साठत जातं. ओलान्झापिन असेल तर दिवसा झोप, जड डोकं, मंदपणा, उभं राहिल्यावर चक्कर. क्लोझापिन असेल तर याशिवाय लाळ गळणं, बद्धकोष्ठ, छातीत धडधड, आणि पातळी फार चढली तर फिट येण्याचा धोका.

आता हीच लक्षणं बायपोलर असलेल्या माणसाच्या घरात बसून बघा. दिवसभर झोपतो, बोलत नाही, पाय ओढत चालतो. कुणीही म्हणेल डिप्रेशन. "सिगारेट सोडल्याने मूड बिघडला" हा निकाल लागतो, कुणीतरी कनवाळूपणे म्हणतं की तुझ्यासारख्याने नाहीच सोडलेली बरी, आणि पाकीट परत येतं. काही दिवसांत सुस्ती जातेही, कारण धुराने एन्झाइम पुन्हा वाढवलेलं असतं. माणसाची कायमची खात्री पटते की सिगारेट हेच आपलं औषध. या एका गैरसमजाचा मला जेवढा राग येतो तेवढा सिगारेट कंपन्यांचाही येत नाही. सोडल्यावर मन कसं राहतं याचे २६ अभ्यास एकत्र तपासून २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापून आले आहेत. सोडलेल्यांची उदासी, चिंता आणि ताण न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाले होते, आणि आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही तसंच दिसलं.

याच गोंधळाचं एक पिल्लू आहे: "मी हळूहळू कमी करतोय, म्हणजे औषधाचंही हळूहळू जुळेल." मेंदूच्या बाबतीत ठीक आहे. लिव्हर असं मोजत नाही. दिवसाला ७ ते १२ सिगारेटींमध्येच एन्झाइम जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतं. वीसवरून दहावर आलात तर लिव्हरला फारसा फरक पडत नाही. दहावरून शून्यावर आलात की सगळा उतार एकदम. "कमी केल्या तेव्हा काही झालं नाही, म्हणजे मला हे लागू नाही" असं म्हणणारे शेवटच्या पायरीवर घसरतात ते यामुळे.

आणि उलटा नमुनाही आहे. रुग्णालयात दाखल झालं की सिगारेट बंद. त्या तीन-चार आठवड्यांत डोस बसवला जातो, तोही धूर नसलेल्या शरीरासाठी. घरी आल्या दिवशी पहिली सिगारेट पेटते, पंधरवड्यात औषध कमी पडू लागतं, आणि मॅनिया (मूड बेफाम चढण्याची अवस्था) परतल्यावर सगळे विचारतात, "गोळ्या चुकवल्या का?" गोळी एकही चुकलेली नसते.

एवढं वाचून घाबरलेल्यांपैकी निम्म्यांना घाबरण्याचं कारण नाही. लिथियम लिव्हरमध्ये मोडतच नाही, ते थेट किडनीतून जातं. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल यांची मुख्य वाट वेगळी आहे. "सिगारेट सोडली की औषध अंगात साठतं" एवढंच कुठेतरी ऐकून क्वेटियापिनवाल्याने सोडणं पुढे ढकलावं, हेही तितकंच चुकीचं. आपल्या गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव वाचा. रंगावरून आणि आकारावरून औषध ओळखणं बंद करा.

धूर आणि निकोटिन वेगळे आहेत हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. ई-सिगारेट? निकोटिन आहे, पण काही जळत नाही, तेव्हा लिव्हरच्या लेखी सिगारेट सुटली. चघळायची तंबाखू? तेच, फक्त व्यसन आणि तोंडाचा कर्करोग दोन्ही शिल्लक. तंबाखू नसलेली हर्बल सिगारेट? निकोटिन शून्य, धूर भरपूर. तलफ भागत नाही आणि एन्झाइम वाढतं, दोन्हीकडून तोटा. हुक्का? धूरच.

आता कॉफी. तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. कॅफिनही त्याच सीवायपी१ए२च्या वाटेने जातं. सिगारेट सोडून कॉफी तेवढीच प्यायलात तर रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होतं. हात थरथरतात, झोप उडते, मन पळत सुटतं, आणि आपण म्हणतो विथड्रॉवल, म्हणजे निकोटिन सुटल्याचा त्रास. किंवा, बायपोलर असल्यामुळे, हायपोमॅनिया, म्हणजे मॅनियाचंच सौम्य रूप. लिथियम घेणाऱ्याला यात आणखी एक पेच आहे. कॅफिन लिथियमला लघवीवाटे बाहेर ढकलतं. कॉफी भरपूर पिणाऱ्यांच्या एका छोट्या अभ्यासात कॉफी अचानक तोडल्यावर लिथियमची पातळी सरासरी २४ टक्के वाढली होती. म्हणून "आजपासून सिगारेटही बंद, कॉफीही बंद" असली भीष्मप्रतिज्ञा लिथियमवाल्याने करू नये. कॉफी निम्मी करा. कॅफिन दुपटीने टिकत असेल तर निम्म्या कॉफीत रक्तातलं प्रमाण साधारण पूर्वीएवढंच राहतं. आणि लिथियमवर असताना हाताचा कंप वाढला, जुलाब-उलट्या लागल्या, चाल डगमगली, जीभ अडखळली तर उद्याची वाट न बघता रुग्णालयात जायचं. सिगारेट सोडली म्हणून होत असेल, अशी समजूत घालत बसायचं नाही.

राहता राहिलं, खरोखर आजाराचा एपिसोड येतोय का ते कसं ओळखायचं. मी फक्त झोपेकडे बघतो. बाकी चिडचिड, बेचैनी, भराभर विचार हे निकोटिन सुटल्यावरही होतं आणि मूड चढतानाही होतं, त्यावरून काही कळत नाही. विथड्रॉवलमध्ये झोप हवी असते आणि लागत नाही. सकाळी माणूस चिरडल्यासारखा उठतो. हायपोमॅनियात झोप नकोशी होते. तीन तास झोपून पहाटे ताजातवाना, कपाट आवरायला घेतलेलं, दोघांना फोन लावून झालेले. अशा दोन रात्री लागोपाठ गेल्या तर मी तिसरीची वाट बघत नाही. उदासीचं माप वेगळं: निकोटिनची उदासी दिवसागणिक थोडी तरी उतरते. दोन आठवडे झाले तरी ती जागची हलत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील (मग दोन आठवडेही नकोत), तर सिगारेटला दोष देणं सोडा आणि डॉक्टरांना गाठा.

सोडायला मदत करणाऱ्या गोळ्यांचंही झटकन सांगतो. ब्युप्रोपिऑन हे मुळात डिप्रेशनविरोधी औषध आहे, त्याने मूड वरच्या टोकाला जाऊ शकतो, तेव्हा ते मित्राच्या सल्ल्याने घ्यायचं नाही. व्हारेनिक्लिनवर २००९ पासून अमेरिकेत मानसिक दुष्परिणामांचा मोठा ठळक इशारा होता. ८,००० हून अधिक लोकांवरची चाचणी २०१६ साली छापून आली, त्यात निम्मे मानसिक आजार असलेले होते, आणि तो धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही. त्याच वर्षी इशारा काढला गेला. लोक मात्र अजून २००९ मध्येच राहतात.

डोस स्वतःच्या हाताने कमी करायचा नाही, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो. क्लोझापिन असेल तर सोडण्याआधी एकदा आणि सोडल्यावर आठवड्याने एकदा रक्तातली पातळी तपासून घेतात. ओलान्झापिनचा डोस किती आणि कोणत्या दिवशी उतरवायचा ते डॉक्टर ठरवतात. पण त्यांना तारीख माहीत असली तर. आणि पुढे कधी पुन्हा ओढायला लागलात तर तेही त्यांना कळायला हवं. लाज वाटते, कबूल आहे. मला दोनदा वाटली आणि दोन्ही वेळा मी सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र आधी निरोप पाठवला: "ओलान्झापिन १५ मिलिग्रॅम, रोज १४ सिगारेटी, सोमवारपासून शून्य. पॅच २१ मिलिग्रॅमचा. कॉफी चार कप, दोनवर आणतोय." तासाभरात उत्तर आलं: "सोमवारी नको. आधी येऊन भेटा, मग सोडा."