पावसात आरसीसीबी पडतो तेव्हा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जून ते सप्टेंबर या काळात आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात : पावसाची मोठी सर आली की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडतो (आपोआप बंद होतो) आणि वर केला तरी टिकत नाही. (त्याला ईएलसीबी म्हणणारेही पुष्कळ आहेत, आम्हाला दोन्ही समजते.) तक्रार खरीच असते, परंतु आमचा माणूस पोहोचेपर्यंत कोणीतरी वायरचा तुकडा जोडून आरसीसीबी डायरेक्ट केलेला असतो, म्हणजे वीज त्याला वगळून घरात जाते, आणि आमचा सर्वाधिक वेळ खर्च होतो तो याच एका तुकड्यापायी.

हे उपकरण फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढी वीज ओल्या भिंतीतून, पंपाच्या बॉडीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, की तो ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. जुना ४० वॅटचा बल्ब जेवढा प्रवाह घेतो, त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी ही गळती. "एमसीबी आहेत की," असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचा वेगळा स्विच, असतो तो तारा तापून जळू नयेत म्हणून. आपल्याकडे जांभ्याच्या कातळात पुरलेल्या अर्थिंगचा रोध बराच असतो, त्यातून खड्ड्यात पाणी घालण्याची आठवण मे महिन्यात कोणालाच राहत नाही. हा रोध २३ ओहम धरला, तर २३० व्होल्टची फेज गीझरच्या बॉडीला थेट टेकली तरी जेमतेम १० अँपिअर वाहतात, म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी जागचा हलत नाही आणि बॉडी जिवंत राहते. अशा घरात आरसीसीबी डायरेक्ट करणे म्हणजे विहिरीचा कठडा काढून ठेवण्यासारखे आहे.

हर्णैजवळच्या एका घरी गेल्या श्रावणात आम्हाला तीन खेपा घालाव्या लागल्या. न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात, एवढेच आम्हाला सांगण्यात आले होते. डीबी (हे सगळे स्विच असलेली पेटी) उघडला, तर आरसीसीबीच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या स्क्रूपर्यंत लाल वायरचा बोटभर तुकडा बसवलेला. तो काढला, पण दोन दिवस ऊन पडल्यामुळे सगळे सुकले होते आणि दोष सापडेना. तिसऱ्या खेपेला, भर पावसात, पडवीतल्या दिव्याचा होल्डर उघडला, तेव्हा आत मुंग्यांनी आणलेली ओली माती आणि खाऱ्या हवेने हिरवे पडलेले तांबे दिसले. होल्डर बदलायला दहा मिनिटे लागली. आरसीसीबी पडू दिला असता, तर कोणत्या लाइनवर पडतो हे पहिल्याच दिवशी कळले असते.

म्हणून आरसीसीबी पडल्यास प्रथम सर्व एमसीबी खाली करावेत आणि आरसीसीबी वर करावा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जावे. ज्या एमसीबीला तो पडेल, तो खाली ठेवून बाकीचे घर चालू ठेवावे. नंतर त्या लाइनवरील मिक्सर, फ्रिज, गीझर इत्यादींचे पिन सॉकेटमधून पूर्ण उपसून पुन्हा पाहावे. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण बटण फक्त फेज तोडते आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. सर्व एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल, तर बहुधा कुठेतरी न्यूट्रल अर्थला लागलेला असतो. तो इन्सुलेशन तपासण्याच्या मेगरशिवाय सापडणे कठीण, तेव्हा तेथे थांबून आम्हाला कळवावे. डीबीच ओला असेल, तर त्याला हातही लावू नये.

दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जसेच्या तसे बदलण्याला नियमांची आडकाठी नाही. नवी लाइन टाकणे वा वायरिंगमध्ये फेरफार करणे हे मात्र परवानाधारक ठेकेदाराचेच काम आहे. बटण बदलतानाही मेन स्विच बंद करावा, घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा (हे हमखास विसरले जाते), टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करून घ्यावी आणि मगच कामाच्या जागी लावावा. काही दिवे मंद आणि काही डोळे दिपतील इतके प्रखर झाले, तर न्यूट्रल तुटला असे समजून मेन तत्काळ बंद करावा. मीटर व खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर महावितरणची असते, तिला आम्हीही हात लावू शकत नाही. त्यासाठी १९१२ वर तक्रार नोंदवावी. काळवंडलेला सॉकेट, जळका वास, नळाला वा गीझरला येणारा झटका, यांपैकी काहीही असल्यास स्वतः प्रयोग न करता आम्हाला बोलवावे.

"मिक्सरच तर खराब निघाला, मग भेटीचे पैसे कसले?" असे काही ग्राहक विचारतात. दोष मिक्सरमध्ये आहे, भिंतीत नाही, हे ठरवण्यासाठी प्रत्येक लाइन सोडवून मोजावी लागते, आणि शुल्क त्या मोजणीचे असते. गणपतीच्या आदल्या रात्री "आजच्यापुरता डायरेक्ट करून द्या" अशी विनंती आली, तरी आम्ही ती मान्य करत नाही. दोषी लाइन वेगळी काढून, मखराच्या रोषणाईसाठी चांगल्या लाइनवरून सोय करून देतो.

ज्यांच्या घरी विहिरीचा पंप, पडवीचे दिवे आणि घरातील लाइन एकाच आरसीसीबीवर आहेत, त्यांनी बाहेरच्या लाइनसाठी दुसरा आरसीसीबी बसवून घेतल्यास पंपात पाणी शिरले म्हणून फ्रिजमधली मासळी वाया जात नाही. डीबीत जागा असल्यास हे काम एका दिवसात होते. उपकरणावरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबूनही आरसीसीबी पडला नाही, तर तो बदलावा लागतो.

जी घरे शिमग्यानंतर बंद असतात आणि गणपतीलाच उघडतात, त्यांच्या मालकांनी किल्ली कोणाकडे आहे हे नागपंचमीपूर्वी कळवावे, म्हणजे माणसे मुंबईहून येण्याआधी तपासणी उरकता येते. फोन करताना आरसीसीबी किती वाजता पडला, पाऊस होता का आणि कोणता एमसीबी खाली ठेवला आहे एवढे सांगावे, आणि शक्य असल्यास डीबीचा फोटो झाकण न उघडता काढून पाठवावा.