मातीतली हिरवी चकती: नाणं की बटण?

मेटल डिटेक्टरचा, म्हणजे जमिनीतला धातू शोधणाऱ्या यंत्राचा, सूर स्वच्छ लागतो, पडद्यावरचा आकडा स्थिर राहतो आणि खुरप्याच्या टोकाशी एक हिरवट गोल चकती वर येते. मन लगेच म्हणतं, नाणं! पुष्कळदा ते मागची कडी झडून गेलेलं सैनिकाच्या कोटाचं बटण असतं.

इथे यंत्राची चूक नाही. कॉईल, म्हणजे यंत्रातली तारेची गुंडाळी, जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत विजेच्या प्रवाहाचे भोवरे उठतात आणि यंत्र त्यांचा प्रतिसाद वाचून पडद्यावर आकडा दाखवतं. हा प्रतिसाद धातू, आकार आणि जाडी यांवर ठरतो. चकतीवर राजाचं डोकं आहे की पलटणीचा आकडा, हे त्याला कळायला वाव नाही. शिवाय दोन्ही वस्तूंचं घराणंही जवळचं आहे. बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे कारखाना चालवणारा मॅथ्यू बोल्टन बटणं बनवायचा, आणि १७९७ मध्ये वाफेच्या यंत्रांवर ब्रिटनच्या तांब्याच्या पेन्याही त्यानेच पाडल्या. पत्र्यातून गोल चकती कापायची आणि तिच्यावर ठसा मारायचा, काम तेच.

मग ओळखायचं कसं? आधी चकती उलटी करा. नाण्याला छापा-काटा दोन्ही असतात. बटणाचा सगळा दिमाख पुढच्या बाजूला आणि पाठ साधी. पाठीच्या मधोमध भिंगातून बघा. कडी तुटली तरी डाखाचा फुगीर ठिपका, एखादा खड्डा किंवा तारेचे दोन बुंधे राहतात. काही ओतीव बटणांच्या पाठीवर लेथवर फिरवल्याच्या बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात. अशा रेघा मला झिजलेल्या नाण्यावर कधी दिसलेल्या नाहीत. त्या दिसल्या की मी पुढे शंका घेत नाही. पाठीवर कडेने बारीक अक्षरं असतील तर ती बहुधा कारखान्याचं नाव किंवा मुलाम्याची प्रत सांगतात.

कडही बोलते. नाण्याची कड उभी आणि भरीव, कधी कंगोरेदार. दोन तुकड्यांच्या बटणात पुढचा पत्रा मागच्या चकतीवर दुमडलेला असतो, तो जोड नखाला लागतो. वजनाचा आधार घेता येतो, पण जपून. १७९७ ची पेनी ३६ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे २८ ग्रॅमची होती. त्या मापाचं चपटं बटण कितीतरी हलकं लागतं. मात्र मातीने खाल्लेलं पातळ नाणंही हलकंच भरतं.

इथे एक कळकळीची विनंती: अंगठ्याने माती चोळू नका. अधिकाऱ्यांच्या बटणांवर सोन्याचा मुलामा असायचा आणि तो खोलगट रेषांत टिकून राहतो. मी एकदा उतावीळपणे चकती पुसली. क्षणभर पिवळी झळाळी दिसली आणि ती मातीच्या कणांबरोबरच निघून गेली. तांब्याच्या नाण्याचा हिरवा थरही असाच नाजूक असतो, कारण पुष्कळदा ठशाचे तपशील त्या थरातच उरलेले असतात.

कथिलाच्या मिश्रधातूची बटणं मात्र निराळी. ती करडी निघतात आणि यंत्रावर खालचा आकडा देतात. म्हणून खालचे आकडे कचरा समजून बंद ठेवणाऱ्याच्या हातून नेमका साधा शिपाई निसटतो. ब्रिटिश फौजेत १८५५ पर्यंत शिपायांची बटणं मुख्यतः याच धातूची होती. पायदळातल्या पलटणींचे आकडे बटणांवर आले ते १७६७ च्या आदेशाने, आणि १८७१ मध्ये शिपायांसाठी सरसकट एकच नमुना लागू झाला. म्हणजे आकड्याचं कथिली बटण पलटणही सांगतं आणि काळाच्या दोन्ही सीमाही आखतं. १७९७ ची पेनी तेवढं सांगू शकत नाही. ब्रिटनमध्ये तांब्याची नाणी जाऊन कांस्याची आली ती १८६० मध्ये, म्हणून ती पेनी मधल्या सहा दशकांत कुणाच्याही खिशातून कधीही पडली असेल. नाणं निघालं नाही म्हणून हळहळणाऱ्यांना मी हेच सांगतो.

काही चकत्या दोन्ही असतात. नाण्याला मागे कडी डाखून त्याचं बटण केलेलं सापडतं. अशा वेळी दोन्ही बाजूंना ठसा आणि एका बाजूवर डाख, असा मेळ दिसतो.

जागेची नोंद दोन्हींसाठी सारखीच मोलाची. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणभूमीवर १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर घेऊन शोध घेतला आणि काडतुसं, गोळ्या जिथे सापडल्या तो प्रत्येक बिंदू नकाशावर मांडला. त्यातून लढाईत माणसं कुठून कुठे सरकली हे वाचता आलं. अशा संरक्षित जागी हौशी माणसाने यंत्र नेऊच नये. इतरत्र जमीनमालकाची परवानगी आणि तिथला कायदा आधी बघावा, आणि चकती निघाली की खड्डा बुजवण्यापूर्वी जागा, खोली आणि ती कोणत्या बाजूने पडली होती हे वहीत लिहावं.