मीटरचा आकडा विचित्र दिसतोय? बॅटरी बदलण्याआधी हे वाचा

आखाजी जवळ आली की आमच्याकडे घरच्या इन्व्हर्टर-सोलरबद्दल साधारण एकाच धाटणीचे फोन येतात. ‘बॅटरी पूर्ण भरतच नाही.’ ‘पन्नास टक्के दाखवत होती, एकदम दहावर आली.’ ‘लाईट आहे तरी बॅटरी उतरतेय.’ अशा बऱ्याच घरी जाऊन पाहिलं तर बॅटरी ठणठणीत निघते. आम्ही बॅटऱ्या विकतो, पण चांगली बॅटरी भंगारात गेलेली आम्हाला बघवत नाही. म्हणून हे पत्रक.

व्होल्ट कधी पाहिले?

12 व्होल्टची ट्यूब्युलर (पाणी घालायची, शिसे-आम्लाची) बॅटरी चार्ज होत असताना 14.4 पर्यंत जाते. भरल्यावर 13.5 ते 13.8 वर टेकते. फ्रिज आणि पंखे चालू असतील तर तीच बॅटरी 12 च्या आसपास दिसेल. यातला एकही आकडा बॅटरीत किती साठा आहे ते सांगत नाही. खरा आकडा हवा असेल तर दिवस मावळल्यावर चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करा, दोन-तीन तास जाऊ द्या आणि मग मोजा. 12.7 च्या जवळ असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे बरीच उतरलेली. 24 च्या सिस्टिमला दुप्पट, 48 ला चौपट धरा.

उन्हाळ्यात चार्जिंगचे व्होल्ट कमी दिसतात आणि ते तसेच दिसायला हवेत. बॅटरी तापली की चार्जर आपणहून व्होल्ट उतरवतो, नाहीतर पाणी उकळल्यासारखं उडून जाईल. 25 अंशांना 14.4 देणारा चार्जर बॅटरी 45 अंशांवर गेली की 13.9 च्या आसपास थांबतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी एवढी तापणारच. फक्त एक बघा: तापमानाचा सेन्सर बॅटरीलाच चिकटलेला हवा. तो सुटून तापल्या पत्र्यावर लोंबकळत असेल तर चार्जरला बॅटरी आहे त्याहून गरम वाटते आणि ती रोज अर्धवट भरते.

लिथियमचे टक्के

लिथियम फॉस्फेट बॅटरीचे व्होल्ट 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान फारसे हलत नाहीत. त्यामुळे आतलं सर्किट आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजून टक्के काढतं. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत चहा-बिडीच्या बारीक नोंदी राहून गेल्या की महिनाअखेर हिशेब जुळत नाही, तसंच इथे होतं. इन्व्हर्टर स्वतःसाठी रात्रभर थोडा करंट खातो. तो इतका बारीक असतो की अनेकदा मोजलाच जात नाही. पावसाळ्यात आठ-दहा दिवस बॅटरी पूर्ण भरली नाही तर चूक साठत जाते आणि कानबाईच्या रात्री सगळ्या माळा लावल्या की टक्के एकदम कोसळतात. उपाय सोपा आहे. बॅटरी एकदा सलग शंभर टक्क्यांपर्यंत भरू द्या, भरल्यावरही एक-दोन तास चार्जिंग तोडू नका. हिशेब पुन्हा जागेवर येतो. तरीही त्याच टक्क्याला पुन्हा बंद पडली तर आम्हाला बोलवा. मग एखादा सेल कमजोर असण्याची शक्यता आहे.

लाईट असताना बॅटरी का उतरते?

शिवारात रात्रीची थ्री फेज आली, विहिरींवरचे पंप सुरू झाले की गावातले व्होल्ट पडतात. यूपीएस मोडवरचा (कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून झटकन बॅटरीवर जाणारा) इन्व्हर्टर साधारण 180 च्या खाली लाईन घेतच नाही, बॅटरीवर जातो. बल्ब पेटलेला असतो म्हणून आपल्याला वाटतं लाईट आहे. इन्व्हर्टरच्या पडद्यावर इनपुट व्होल्ट बघा. कॉम्प्युटर नसेल तर मोड बदलून चालतं. फ्रिज असेल तर आधी आम्हाला विचारा, कमी व्होल्टवर कॉम्प्रेसर जळतो.

पॅनेल आणि नेट मीटर

सकाळी उजाडताच पॅनेलचे व्होल्ट जवळजवळ पूर्ण दिसतात आणि वॅट शून्याजवळ. यात बिघाड नाही. अंधुक उजेडातही व्होल्ट येतात, करंट उन्हावर अवलंबून असतो. मेच्या भर दुपारी पॅनेल 65 अंशांवर गेलं की क्षमतेत 14-15 टक्के घट धरा, धूळ वेगळी. उलट पावसाळ्यात ढगाच्या कडेने ऊन आलं की क्षणभर नेहमीपेक्षा मोठा आकडा दिसतो.

ॲपमध्ये 12 युनिट आणि महावितरणच्या मीटरवर निर्यात (लाईनला परत दिलेली वीज) फक्त 5, अशी तक्रार नेहमी येते. ॲप एकूण निर्मिती दाखवतं. त्यातले 4 दिवसा घरात वापरले, 3 बॅटरीत गेले, उरलेले 5 बाहेर. हिशेब बरोबर आहे.

एक खूण मात्र खरी बिघाडाची. रात्री बॅटरीकडून पुरवठा बंद ठेवून गिझर लावला आणि ॲप ‘निर्यात’ दाखवू लागलं, तर मेन वायरवरची सीटी क्लॅम्प (वायरभोवती बसवून करंट मोजणारी कडी) उलटी बसली आहे. वायरमनने काम केल्यावर हे बऱ्याचदा होतं. इन्व्हर्टर या चुकीच्या आकड्यावर चालून बॅटरी भलत्या वेळी रिकामी करतो, म्हणून लगेच कळवा.

हात लावण्याआधी

लोड चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने मोजा. 12 व्होल्टच्या सिस्टिममध्ये अर्ध्या व्होल्टचा फरक असला तर लग (वायरच्या टोकाची, टर्मिनलला आवळायची कडी) सैल आहे किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे. बॅटरीचा दोष नाही. मोजण्याआधी मल्टीमीटरचा स्वतःचा सेल बदला, उतरलेल्या सेलवर तो हमखास जास्त दाखवतो. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. लग आवळायचं काम आणि पॅनेलचे कनेक्टर उघडायचं काम आमच्यावर सोडा: चालू डीसी तोडताना उडालेली ठिणगी सहज विझत नाही.

फोन करताना व्हॉट्सॲपवर पाठवा: पडद्याचा फोटो, घेतल्याची वेळ, त्या क्षणी घरात काय चालू होतं, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलेले व्होल्ट.